ईस्टरचा गाजर-केक

ईस्टरच्या आदल्या दिवशीं, म्हणजे पवित्र शनिवारीं, दुपारच्या वेळीं मार्व्याच्या धक्क्यावर उभें राहावें. मनोरीस जाणाऱ्या होडींत चढणाऱ्या माणसांच्या हातांत रोजच्या भाजीच्या पिशव्यांबरोबर आणखी कांहीं जिन्नस दिसतात: अंड्यांचे ट्रे, मैद्याचे पुडे, काजूची पुडी, खाण्याच्या रंगाच्या इवल्या बाटल्या, आणि एखाद्याच्या मांडीवर दोन्ही हातांनीं जपून धरलेला पुठ्ठ्याचा चौकोनी खोका. खाडी ओलांडण्यास कांहीं मिनिटेंच पुरतात. परंतु चैत्राच्या उन्हांत, खाऱ्या वाऱ्यांत आणि इंजिनाच्या धडधडींत तीं मिनिटें त्या खोक्याच्या धन्यास फार लांब वाटतात. खोक्यांत केक असतो, केकावर लोण्याचें नक्षीकाम असतें, आणि लोणी हा पदार्थ मुंबईच्या एप्रिलमध्यें कोणाचाहि मित्र नव्हे.

अलीकडे ह्या खोक्यांतून गाजराचा केक दिसूं लागला आहे. कधीं तो सशाच्या आकाराचा असतो, कधीं भाजीच्या वाफ्यासारखा, तर कधीं केकच मुळीं एका मोठ्या गाजराचें रूप घेऊन बसलेला असतो. गाजर म्हटलें म्हणजे आपल्याकडे हलवा किंवा कोशिंबीर आठवते. त्या गाजराचा ख्रिस्ती सणाशीं संबंध काय, आणि मुंबईच्या दमट हवेंत असा केक सजवून तो रविवारच्या दुपारपर्यंत धड कसा राखावा, हे दोन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत. पहिल्याचें उत्तर मोठें गमतीचें आहे. दुसऱ्याचें उत्तर मनोरीच्या जुन्या स्वयंपाकघरांत पूर्वींपासूनच ठेवलेलें आहे.

मनोरी हें गांव साष्टीच्या वायव्येस, धारावी बेटावर वसलेलें आहे. हें धारावी बेट म्हणजे माहीमजवळची सर्वांस ठाऊक असलेली धारावी नव्हे. उत्तन, डोंगरी, गोराई आणि मनोरी हीं गांवें ज्या भूभागावर आहेत, तें हें बेट. १५३४ च्या तहानें वसईकडचा हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो जिंकून घेतला, आणि १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हातीं पडली. राज्यें बदललीं, तरी पोर्तुगीज अमदानींत ख्रिस्ती झालेल्या येथील कोळी व शेतकरी कुटुंबांची बोली मराठीच राहिली. १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, ह्या समाजानें 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. गोव्याहून व मंगळुराकडून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण निराळे, इथलेच मूळचे, हें दाखविण्याचा त्यांत हेतु होता. नांव इंग्रजी आणि माणसें अस्सल कोंकणकिनाऱ्याचीं, असा हा विनोद नवख्याच्या सहसा लक्षांत येत नाहीं.

ह्या समाजाच्या स्वयंपाकघरांत दोन्ही काळांच्या खुणा शेजारीं शेजारीं नांदतात. वर्षभराचा मसाला कुटून काळ्या-तपकिरी बाटल्यांतून भरून ठेवावयाचा, म्हणून त्यास 'बाटली मसाला' म्हणावयाचें. लग्नाकार्यांत फुगे तळावयाचे. नाताळ-ईस्टरला रवा, खोबरें, अंडीं आणि बदाम यांचें 'थाळी स्वीट' भाजावयाचें. आणि सणाच्या आधींच्या आठवड्यांत मार्झिपान करावयाचें. मार्झिपान म्हणजे बदामाची पूड व साखर यांचा मऊ गोळा. तो साच्यांत दाबून त्याचीं फळें, फुलें, मासे, आणि ईस्टरला अंडीं करतात. युरोपांत तो बदामाचा होतो. आपल्या किनाऱ्यावर बदाम महाग आणि काजू हाताशीं, म्हणून इकडील गृहिणींनीं बदामाच्या जागीं काजू घातला. काजूचें झाडहि पोर्तुगीजांनींच सोळाव्या शतकांत ब्राझीलकडून आणलेलें, आणि 'काजू' हा शब्दहि त्यांच्याच बरोबर आलेला. ज्या वाचकांस काजूकतली करतां येते, त्यांना मार्झिपान निम्म्याहून अधिक येतेंच, असें समजावें.

आतां ईस्टरकडे वळूं. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा सण. त्याची तारीख दरवर्षीं बदलते, ह्याचें हिंदु वाचकास नवल वाटूं नये, कारण तिचें गणित चंद्रावर बांधलेलें आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस. म्हणून तो २२ मार्चच्या आधीं येत नाहीं आणि २५ एप्रिलच्या पुढें जात नाहीं. सर्व ख्रिस्ती जगानें सण एकाच रविवारीं पाळावा, हा निर्णय ३२५ मध्यें नायसिया येथील धर्मसभेंत झाला. सणापूर्वीं राखेच्या बुधवारापासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. जुन्या युरोपांत त्या काळांत मांसाबरोबर दूध, लोणी व अंडींहि वर्ज्य असत. माणसांनीं उपवास धरला, तरी कोंबड्या कांहीं तो धरीत नाहींत. चाळीस दिवसांचीं अंडीं घरांत सांचत आणि ईस्टरच्या सकाळीं तीं रंगवून, वाटून, खाऊन संपवावीं लागत. ईस्टरचें अंडें हें असें कोठीघरांतून सणांत आलें. नव्या जीवनाचें प्रतीक हा त्याचा अर्थ त्यास शोभलाहि चांगला.

अंड्यामागून ससा आला. ईस्टरचा ससा मुलांसाठीं अंडीं घेऊन येतो आणि बागेंत लपवून ठेवतो, अशी समजूत जर्मन प्रदेशांत होती. १६८२ मध्यें एका जर्मन वैद्यानें लिहिलेल्या ग्रंथांत तिचा उल्लेख सांपडतो. जर्मन वसाहतवाल्यांबरोबर ती अमेरिकेंत गेली. ससा अंडीं कशीं घालतो, असा प्रश्न चौकस मूल विचारतेंच; त्यावर बापाने काय उत्तर द्यावें, हें कोणत्याच ग्रंथांत सांपडत नाहीं. सशामागून गाजर येणें क्रमप्राप्तच होतें. वास्तविक सशाचें खरें अन्न गवत आणि पाला. गाजर गोड असल्यामुळें पाळीव सशाला तें थोडेंच द्यावें, असें पशुवैद्य सांगतात. परंतु १९४० मध्यें पडद्यावर अवतरलेल्या 'बग्ज बनी' नांवाच्या चित्रांतील सशानें गाजर चघळत चघळत सगळ्या जगाची अशी खातरी करून दिली कीं, ससा म्हटला म्हणजे त्याच्या हातांत गाजर हवेंच.

गाजर घातलेला केक मात्र ह्या सर्वांहून निराळ्या वाटेनें आला. साखर महाग होती, त्या काळीं युरोपांतील गृहिणी खिरींत आणि पुडिंगांत गोडीसाठीं गाजर घालीत. स्वित्झर्लंडच्या आरगाउ प्रांतांत गाजर व बदाम यांचा एक केक प्रसिद्ध आहे, आणि त्यावर मार्झिपानचीं इवलीं गाजरें मांडण्याची तेथें जुनी चाल आहे. ही गोष्ट मनांत ठेवावी, ती पुढें उपयोगी पडणार आहे. पुढें दुसऱ्या महायुद्धांत ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्यें साखर व लोणी मोजून मिळूं लागलें. गाजरें मात्र देशांत भरपूर होतीं. सरकारच्या अन्नखात्यानें 'डॉक्टर कॅरट' नांवाचें एक गाजराचें चित्रच जाहिरातींत उभें केलें, आणि केक, पुडिंग, मुरंबा अशा सर्वांत गाजर घालण्याच्या कृति घरोघर पोंचविल्या. मुंबईंतहि १९४३ मध्यें रेशनिंग आलें, तेव्हां साखरेवांचून सण करणें म्हणजे काय, हें येथील घरांनींहि अनुभविलें आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटनमधील पुष्कळसे गाजराचे पदार्थ लोक आनंदानें विसरले. केक राहिला, कारण तो खरोखरच चांगला लागतो. अमेरिकेनें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यावर मलईच्या चीजचा गुबगुबीत लेप चढविला, आणि त्या लेपासह तो जगभर फिरला.

हा लेप हेंच मनोरीच्या घरांतील खरें संकट. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान पातळ होतें, आणि त्याच्या पुष्कळ आधीं तें आपला आकार सोडूं लागतें. मुंबईंत एप्रिलमध्यें दुपारचें तापमान ३३ अंशांच्या घरांत असतें. होडींत, उन्हांत, बंद खोक्यांत काय होत असेल, ह्याची कल्पना करावी. सकाळीं ताठ बसलेला ससा पैलतीरास पोंचेपर्यंत एका अंगावर रेलतो आणि त्याचे कान खांद्यावर येतात. चाळीस दिवस गोड न खाल्लेल्या मुलांपुढें तो खोका उघडण्याचा प्रसंग ज्या माउलीवर येतो, तिला ह्यांत कांहीं विनोद दिसत नाहीं. शीतकपाटांत ठेवावा, तर दुसरेंच दुखणें. थंडगार केक दमट हवेंत आणला, कीं थंड पाण्याच्या पेल्यावर जसे थेंब जमतात, तसे ते केकावर जमतात. त्या दंवांत रंग ओघळतात आणि सशाच्या डोळ्यांचें काजळ गालांवर उतरतें.

साखरेचाहि एक स्वभाव आहे. हवेंतील आर्द्रता शेकडा ८५ च्या आसपास गेली, म्हणजे साखर हवेंतूनच पाणी ओढून घेते आणि विरघळूं लागते. समुद्रकांठच्या गांवांत पहांटे इतकी आर्द्रता होणें मुळींच नवलाचें नाहीं. रात्रीं कोरडी दिसणारी पिठीसाखरेची नक्षी सकाळीं चिकट झालेली आढळते, ती ह्यामुळें. तेव्हां मनोरींत केक करावयाचा, तर मुख्य हिशेब पाण्याचा ठेवावा लागतो. गाजरांतलें पाणी केकांत राहूं द्यावयाचें, आणि हवेंतलें पाणी त्याच्या अंगास लागूं द्यावयाचें नाहीं.

प्रथम गाजरांतलें पाणी. गाजराच्या वजनांत शेकडा सुमारें ८८ भाग पाणीच असतें. तीनशें ग्रॅम गाजर पिठांत घातलें, म्हणजे अडीचशें ग्रॅमहून अधिक पाणी घातलें, परंतु तें किसाच्या धाग्याधाग्यांत कोंडलेलें असतें. भट्टींत तें हळूहळू सुटतें आणि केक दोन दिवस मऊ राहतो. गाजराच्या केकांत दूध घालावें लागत नाहीं, त्याचें कारण हें. किस पिळून टाकण्याची कांहींजणींना संवय असते. ती येथें सोडावी, कारण पिळल्यानें गोडीहि जाते व ओलावाहि जातो. उलट, किसून साखरेंत कालवून तासभर ठेवण्याची चूकहि करूं नये. साखर लागतांच गाजर पाणी सोडतें, पीठ पातळ होतें, आणि केक मध्यें खचतो. गाजर ऐन वेळीं किसावें आणि सर्वांच्या शेवटीं घालावें. फार बारीक किसलें, तर लगदा होतो. फार जाड किसलें, तर दांताखालीं कच्चें लागतें. हलव्याला लागतो, तेवढा किस बरोबर.

गाजर कोणतें घ्यावें? उत्तरेकडचें लांब लाल गाजर हलव्याचा राजा खरा, पण तो राजा थंडींतला. ईस्टर मार्चअखेर आला, तर त्याचीं शेवटचीं गाजरें मिळतात; पण तोंवर त्यांच्या पोटांतला दांडा लांकडासारखा झालेला असतो. एप्रिलमध्यें डोंगराळ मुलखांतून येणारें नारिंगी गाजर घ्यावें. तें आंखूड, कोंवळें आणि सारख्या गोडीचें असतें. दोहोंचा रंग तेलांत विरघळणारा आहे, म्हणून कापलेल्या केकाचा रंग सोनेरी दिसतो.

तेलाचा विषय निघालाच आहे. साध्या केकांत लोणी व साखर फेंसून तींत हवा भरतात. आपल्या उन्हाळ्यांत लोणी फेंसतां फेंसतां पातळ होऊन जातें आणि हवा धरीत नाहीं. गाजराच्या केकास तेलच चालतें, किंबहुना तेलच अधिक मानवतें, कारण तें थंड झाल्यावरहि गोठत नाहीं आणि केक मऊ लागतो. तेल मात्र बिनवासाचें हवें. खोबरेल किंवा शेंगदाण्याचें घाण्याचें तेल कितीहि चांगलें असलें, तरी दालचिनीशीं त्याचें जमत नाहीं.

बारा इंच लांब व सहा इंच रुंद अशा पत्र्याच्या डब्यास पुढील प्रमाण पुरतें. मैदा २५० ग्रॅम, साखर २२५ ग्रॅम, तेल २०० मिलिलिटर, अंडीं चार, किसलेलें गाजर ३०० ग्रॅम, अक्रोडाचे तुकडे मूठभर, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, दालचिनीची पूड दीड चमचा, थोडें जायफळ आणि चिमूटभर मीठ. मैदा, पावडर, सोडा, मीठ व मसाले एकत्र करून दोनदां चाळावे. सोडा अर्ध्या चमच्याहून अधिक झाला, तर केकास साबणाची चव येते, येथें हात सैल सोडूं नये. अंडीं व साखर एकत्र फेंटावीं. मिश्रण फिकट पिवळें आणि दाट झालें, म्हणजे तेल बारीक धारेनें सोडीत पुन्हां फेंटावें. मग मैदा हलक्या हातानें मिसळावा, आणि शेवटीं गाजर व अक्रोड. मैदा घातल्यावर घोटीत बसलें, तर केक चिवट होतो. पोळीच्या कणकेला जें मळणें गुणाचें, तेंच केकाला अवगुणाचें.

१७० अंशांवर सुमारें पन्नास मिनिटें भाजावा. मध्यें स्वच्छ काडी टोंचून ती कोरडी निघाली, म्हणजे झाला. ज्यांच्या घरीं ओव्हन नाहीं त्यांनीं हिरमुसूं नये. घरोघर ओव्हन येण्यापूर्वीं ख्रिस्ती घरांतले केक मोठ्या टोपांत होत. तळाशीं वाळू पसरून ती तापवावयाची, तीवर केकाचें भांडें ठेवावयाचें, आणि झांकणावर निखारे घालून वरूनहि आंच द्यावयाची. वाळू आंच सारखी पसरते, म्हणून बूड करपत नाहीं. आज हेंच काम प्रेशर कुकरची शिटी व रबर काढून, तळाशीं वाळू किंवा मीठ घालून, पुष्कळ घरांत होतें. त्यांत केकाला वरून रंग चढत नाहीं. पण ह्या केकाचा वरचा भाग झांकलाच जाणार असल्यामुळें तें कोणास कळतहि नाहीं. मनोरींत ह्या समाजाच्या जुन्या वस्तूंचें एक छोटेखानी संग्रहालय आहे. आजींच्या काळचें घर कसें चालत असे, हें पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनीं होडींतून उतरल्यावर तिकडेहि जावें.

आतां आकार. येथें थोडी भूमिति उपयोगी पडते, आणि ती मुलांकडून करवून घेण्याजोगी आहे. केक पूर्ण निवल्यावर वरचा फुगवटा सुरीनें सपाट करावा. मग सहा इंची एका बाजूचा मध्यबिंदु काढावा आणि त्यापासून समोरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सरळ रेषेंत कापावें. मधोमध एक उंच त्रिकोण मिळतो, त्याचा पाया सहा इंच व उंची बारा इंच. दोन्ही बाजूंस दोन काटकोन त्रिकोण उरतात. त्यांच्या बारा इंची बाजू एकमेकांस भिडवल्या, कीं अगदीं तेवढाच दुसरा त्रिकोण तयार होतो. म्हणजे एका केकांतून सारख्या मापाचे दोन थर निघाले आणि वायां कांहींच गेलें नाहीं. जोडलेला थर खालीं ठेवावा, अखंड थर वर. त्यामुळें सांधा दडतो. मध्यें पेरूच्या जेलीचा पातळ हात द्यावा. परदेशीं पुस्तकांत ह्या जागीं जर्दाळूचा मुरंबा सांगितलेला असतो. पेरूची जेली तेंच काम करते आणि तिची किंचित् आंबट चव गाजराच्या गोडीला छेद देते. मग सुरीनें कडा गोलसर कराव्या, आणि रुंद बाजूचे दोन्ही कोपरे उतरवून गाजराचे खांदे काढावे. ह्या कामांत सुरी जपून चालवावी. उतरविलेलें परत चिकटवितां येत नाहीं. निघालेला चुरा टाकूं नये.

ह्यावर काजूचें मार्झिपान. स्विस लोक इवलीं गाजरें केकावर मांडतात. मनोरींतल्या घरीं सबंध केकालाच त्याचें वस्त्र नेसवितां येतें. काजूचें मार्झिपान येथें लेपाहून सरस ठरतें, ह्याला कारणें आहेत. त्यांत वितळावयास लोणी नाहीं. त्यांतली साखर पाकांत शिजून काजूच्या पिठाशीं एकजीव झालेली आणि काजूच्या तेलानें वेढलेली असते, म्हणून ती हवेंतलें पाणी उघड्या साखरेसारखी भराभर ओढीत नाहीं. शिवाय हा थर झांकणासारखा बसतो आणि गाजराचा ओलावा आंतल्या आंत राखतो. पाण्याचे दोन्ही हिशेब एका पदार्थानें मिटतात.

काजू ४०० ग्रॅम घ्यावे. ते थांबत थांबत दळावे, नाहीं तर तेल सुटून लोण्यासारखा गोळा होतो. आणि शीतकपाटांतून काढलेले गार काजू लगेच दळूं नयेत, त्यांना ओल धरते. पीठ चाळून घ्यावें. साखर ३०० ग्रॅम व पाणी अर्धी वाटी यांचा एकतारी पाक करावा, आंच मंद करून काजूचें पीठ घालावें आणि सारखें ढवळीत राहावें. गोळा कढईच्या कडा सोडूं लागला, म्हणजे चिमूटभर घेऊन बोटांत वळून पाहावा. बोटांना चिकटला नाहीं, तर उतरवावा. चमचाभर गुलाबपाणी घालून, हाताला तूप लावून, कोंबट असतांनाच मळावा. कच्चा राहिला, तर रविवारीं घाम फुटतो. जास्त शिजला, तर लाटतांना भेगा पडतात. ही मधली घडी पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. मनोरीच्या घरांत ती मुली आईच्या, आजीच्या शेजारीं उभ्या राहून शिकत आल्या. तयार मार्झिपान बाजारांत मिळूं लागल्यापासून हें उभें राहणें कमी झालें आहे, आणि साचे कपाटांत पडून राहूं लागले आहेत. गाजराच्या ह्या पाहुण्या केकानें ते पुन्हां बाहेर काढविले, तर तो पाहुणा घरचाच म्हणावा.

तीन चतुर्थांश गोळ्याला नारिंगी रंग द्यावा. पातळ रंग वापरला, तर गोळा सैल होतो; कोरडी पूड गुलाबपाण्याच्या थेंबांत कालवून थोडी थोडी मळावी. मग दोन प्लास्टिकच्या कागदांमध्यें पोळपाटावर जाडसर लाटून, केकाला कोंबट जेली लावून, वरून पांघरावें आणि तळहातानें चोपून बसवावें. केक आंतून अजून गरम असेल, तर वाफ कोंडून मार्झिपान खालून ओलें होतें. घाई येथेंच नडते. सुरीच्या पाठीनें आडव्या खुणा कराव्या, पण एका अंतरावर नव्हे, कोठें आंखूड, कोठें लांब. खऱ्या गाजराकडे पाहून केल्या, तर आपोआप बरोबर होतात. खुणांत किंचित् कोको पूड बोटानें चोळली, म्हणजे गाजर नुकतेंच उपटून आणल्यासारखें दिसतें. उरलेल्या गोळ्याला हिरवा रंग देऊन त्याच्या लांब वळ्या करून शेंड्याशीं पाला बसवावा. खरा पाला लावण्याचा मोह होतो. पण तो तासाभरांत मान टाकतो, आणि कोणी शेपू लावला, तर त्याचा वास दालचिनीवर मात करतो. राखून ठेवलेला चुरा मंद आंचेवर कोरडा करून त्यांत कोको मिसळावा आणि गाजराभोंवतीं पसरावा, ती झाली माती. हिरव्या-नारिंगी तुकड्यांचीं इवलीं गाजरें मुलांनीं वळावीं. तीं वांकडींतिकडीं झालीं, तरच खरीं वाटतात.

कामाची वांटणी अशी असावी. मार्झिपान आठवड्याच्या आरंभींच करून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, तें टिकतें. गुड फ्रायडे हा उपवासाचा व शोकाचा दिवस. त्या दिवशीं भट्टी पेटवूं नये, असें बहुतेक घरांत मानतात. केक शनिवारीं सकाळीं भाजावा, दुपारीं सजवावा, आणि संध्याकाळीं पत्र्याच्या मोठ्या डब्यांत, झांकण किंचित् कलतें ठेवून, घरांतल्या गार कोपऱ्यांत ठेवावा. शीतकपाटाकडे बघूंहि नये. मुंग्यांसाठीं डबा पाण्याच्या ताटांत ठेवण्याची जुनी युक्ति अजून उपयोगी आहे. त्या रात्रीं देवळांत नवा अग्नि पेटतो, त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लागते, आणि अंधारांत एकेका हातांतली मेणबत्ती तिच्यावरून उजळत जाते. मंडळी मध्यरात्रीच्या सुमारास घरीं परततात. मुलें झोपेनें पेंगत असतात, तरी डब्याचें झांकण एकदां उचलून गाजर जाग्यावर आहे ना, हें पाहिल्यावांचून निजत नाहींत.

रविवारीं जेवणानंतर तें कापतात. रुंद बाजूकडून कापीत यावें. निमुळतें टोंक शेवटीं उरतें आणि तें घरांतल्या सर्वांत लहान मुलाचें, असा बहुधा निकाल होतो. हिरव्या पाल्यावरून मात्र भांडण ठरलेलें. गाजराचा हा केक ओला असल्यामुळें तिसऱ्या दिवसापलीकडे ठेवूं नये; त्या हवेंत त्याला बुरशी धरण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून सोमवारच्या पहिल्या होडीनें उरलेले तुकडे डब्यांतून मालाडला, बोरिवलीला नातलगांकडे निघतात. डबा आतां मांडीवर जपून धरावा लागत नाहीं. पलीकडे पोंचेपर्यंत फार तर एखाद्या तुकड्यावरचें मार्झिपान नाहींसें झालेलें असतें, आणि तें उन्हानें गेलेलें नसतें.